ओल नव्हतीच

ते घर विकत घेतलं तेव्हा त्याला घर म्हणायला जरा धाडसच लागत होतं. विटांच्या उघड्या भिंती, वर स्लॅब, खिडक्यांच्या जागी चौकोनी भगदाडं आणि अर्ध्यात थांबलेला जिना. आधीच्या मालकानं मोठ्या हौसेनं बांधायला काढलं, निम्म्यावर त्याची हौस फिटली आणि तो जागा विकून मोकळा झाला. लिफ्ट दुरुस्त करणारा एक माणूस, पडदे शिवणारी त्याची बायको, त्यांची शाळकरी मुलगी आणि बसड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले त्याचे वडील, असे चौघं त्या सांगाड्यात राहायला आले. राहता राहता आपल्या हातांनी पुरं करायचं, असं ठरलं होतं. शेजारचे काका कुंपणावरून म्हणाले, "राहता राहता माणूस पुरा होतो हो, घर नाही होत." म्हातारे ड्रायव्हर त्यावर खो खो हसले आणि दुसऱ्या दिवशी सिमेंटची गोणी खांद्यावर टाकून आले.

त्यांना घरात सगळे आप्पा म्हणायचे. डेपोत मात्र त्यांचं नाव होतं 'सावकाश'. बस चालवायचेच तसे. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकत, आतले प्रवासी घड्याळं बघत, आप्पा आपले निवांत. पण अख्ख्या नोकरीत बसला साधा ओरखडा नाही. "डोळा पाहिजे, डोळा," ते सांगायचे. "हात काय, सगळ्यांनाच असतात."

सुनेला ते सूनबाई म्हणायचे, आणि घराच्या कामात त्या दोघांचीच जोडी जमली. मुलाला लिफ्टवाले सुट्टीच्या दिवशीही बोलवून घ्यायचे. कुठेतरी कुणीतरी दोन मजल्यांच्या मधे अडकलेलंच असायचं. तो वायरी आणि नळ जमेल तसे करायचा. गिलावा आप्पांचा. डेपोला लागण्याआधी तरुणपणी ते काही वर्षं बांधकामांवर होते, आणि ते काम हातातून गेलं नव्हतं. सूनबाई वाळू-सिमेंटचा माल कालवायची, घमेलं भरून द्यायची, आप्पा थापीनं माल भिंतीवर फेकायचे. तो थप्पकन बसला की म्हणायचे, "बसली गाडी स्टॉपवर." तिचे वडील ती लहान असतानाच गेले होते. मामाच्या घरी वाढलेली पोर; कुणी शिकवलंय, कुणी चुकल्यावर हसलंय, याची सवयच नव्हती. आप्पांनी तिला वाळू चाळायला शिकवलं, विटा आधी भिजवायला शिकवलं, आणि तिनं पहिल्यांदा कालवलेला माल आमटीसारखा पातळ झाला तेव्हा "वाटी आण, पिऊन टाकू" म्हणून शिकवलं.

स्वयंपाकघर झालं, मागची खोली झाली, मुलीची झोपायची खोली झाली. वर्षं गेली तशी घराला कातडी चढत गेली. जिन्याची भिंत झाली ती जरा लाटालाटांची झाली, पण जिन्यात कोण बघतंय! आणि मग समोरच्या खोलीची पाळी आली. ही खोली म्हणजे घराचं तोंड. येणारा जाणारा तिथेच बसणार.

आप्पांनी ती भिंत करायला खूप दिवस घेतले. भिंत सरळ येतेय का बघायला ओळंबा सोडायचे, दोरीकडे डोळे बारीक करून बघायचे, मग ओळंबा बाजूला ठेवून तळहात भिंतीवरून फिरवत राहायचे. इकडून तिकडे, तिकडून इकडे. सूनबाई नवऱ्याला म्हणाली, "आप्पा भिंत बघत नाहीत, कुरवाळतात." दोघं हसले. त्यात वाईट काही नव्हतं. पण पुढे या वाक्याची आठवण झाली की तिला आपलीच जीभ चावावीशी वाटायची.

भिंत वाळली, रंग लागला. आणि सूनबाईनं पडदा लावला.

तिचं सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या खिडक्यांना पडदे शिवण्यात गेलेलं. कापड कसं पडतं हे तिला लांबून कळायचं. स्वतःच्या खिडकीला पहिल्यांदाच शिवलेला तो पडदा तिनं दांडीवर चढवला, घड्या सारख्या केल्या, चार पावलं मागे सरकली, आणि पुन्हा जवळ येऊन दांडी तपासली. पडदा सरळ होता. भिंतच नव्हती. वर कापड भिंतीला टेकत होतं आणि खाली चार बोटं अंतर सुटलं होतं. मधे भिंतीला एक पोट आलं होतं, तेही एका बाजूला. रंग लागल्यावर उजेड त्याच्यावर असा पडायचा की न दिसणारंही दिसावं.

पुढच्या आठवड्यात, ज्या दुकानासाठी ती पडदे शिवायची तिथल्या बायका घर बघायला यायच्या होत्या. सगळ्या जणी पडदे शिवणाऱ्या, म्हणजे सगळ्यांची नजर टाचणीसारखी. आप्पांना सांगायचं कसं? ते तर संध्याकाळी खुर्ची टाकून त्या भिंतीसमोर बसत आणि मुलीला म्हणत, "बघ, आजोबांनी केलीय."

तेवढ्यात आप्पा बहिणीकडे राहायला गेले. बहीण आजारी होती, आठेक दिवस लागणार होते. ते गेले त्याच दुपारी सूनबाईनं गवंड्याला निरोप धाडला.

नवरा म्हणाला, "त्यांना विचारायचं नाही?"

"विचारलं तर नको म्हणतील."

"मग आल्यावर काय सांगणार?"

"सांगते मी बरोबर. तू त्यात पडू नकोस."

तो खरंच पडला नाही. त्यालाही ती भिंत बघवत नव्हती. फक्त वाईटपणा नको होता.

गवंडी आला, कमरेवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "ताई, कुणी डोळे बांधून केलंय का हे?" सूनबाई हसली. नुसती तोंडदेखली नाही, पदर तोंडाला लावून चांगली खळखळून हसली. मग त्यानं छिन्नी घेतली. गिलावा निघता निघेना. "माल मात्र कडक आहे हो," घाम पुसत तो म्हणाला, "लोखंडासारखा बसलाय." ते ऐकून तिचं हसू मावळलं. पण आता अर्धी भिंत खाली आली होती.

नवी भिंत आरशासारखी झाली. दुकानातल्या बायका आल्या, पडद्याला हात लावून गेल्या, भिंतीकडे कुणी बघितलंही नाही. सरळ भिंतीकडे कोण कशाला बघेल?

आप्पा परतले. दारातच चपला काढता काढता थबकले. नव्या सिमेंटचा वास त्यांना लपणारा नव्हता.

"काय केलंत?"

सूनबाईनं मनात वाक्य घोळवून ठेवलं होतं. "ओल आली होती, आप्पा. तुम्ही गेलात आणि पोपडेच सुटायला लागले. मोठा तुकडा पडला. मग काय, घाईघाईनं गवंडी बोलवावा लागला."

आप्पा भिंतीपाशी गेले. तळहात वरपासून खालपर्यंत फिरवला.

"गुळगुळीत आहे," ते म्हणाले. मग हात मागे घेत, "माझा मालच चुकला असेल. वाळू जास्त झाली असेल."

तो माल तिनं कालवला होता. त्यांनी समोर उभं राहून मोजून घेतला होता. 'नाही हो आप्पा' एवढं म्हणायला तोंड उघडलं तरी पुरे होतं. ती म्हणाली, "हं. असेल."

ते म्हणाले, "पोर नव्हती ना जवळ, तुकडा पडला तेव्हा?"

"नाही, शाळेत होती."

"नशीब."

त्या दिवशी आप्पांनी थापी धुतली, पुसली, तेलाचा हात लावून गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. सूनबाईला वाटलं, राग आहे, जाईल. राग असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक आवाजानं ती बाहेर आली. आप्पा चमच्याच्या दांड्यानं स्वयंपाकघराची भिंत वाजवत होते. कान भिंतीला लावून ऐकायचे, हातभर पुढे सरकायचे, पुन्हा टकटक.

"काय करताय?"

"पोकळ वाजतंय का बघतोय. समोरची सुटली म्हणजे याही सुटणार. माल त्याच हातचा ना."

मग हा नेमच झाला. रोज सकाळी एकेक खोली. मुलीचा पलंग त्यांनी भिंतीपासून ओढून खोलीच्या मधोमध आणला. ती अभ्यासाला भिंतीला टेकून बसली की कुठेही असले तरी ओरडायचे, "पुढे सरक! पुढे सरक आधी!" पोरीला वाटलं आजोबा खेळतायत, मग ती वैतागली, मग घाबरली. एकदा आईला विचारू लागली, "आपलं घर पडणार आहे का गं?"

"नाही गं बाळा."

"मग आजोबा का म्हणतात?"

सूनबाईकडे उत्तर होतं. ते तिनं गिळलं.

मशीनवर बसली की पायाखाली पेडल चालायचं आणि डोक्यात तेच चालायचं. आज सांगू. संध्याकाळी चहाच्या वेळी सांगू. चहा व्हायचा, आप्पा गुपचूप कप धुऊन ठेवायचे, आणि ती म्हणायची, "आप्पा, बिस्किट देऊ का अजून?" बस्स, तेवढंच. नवऱ्याला म्हणाली, तर तो म्हणाला, "आता सांगून काय होणार? उगाच दुखावतील." आधीच किती दुखावलेत हे त्याला दिसत नव्हतं, की बघायचं नव्हतं, देव जाणे.

एके दिवशी तिनं खिडकीतून पाहिलं. आप्पा शेजारच्या काकांकडे कुंपणापाशी उभे होते. काकांच्या कुंपणाच्या भिंतीला कधीकाळी आप्पांनीच हौसेनं गिलावा करून दिला होता. आप्पा हात जोडत होते. "एकदा कुणाला तरी दाखवून घ्या. माझा माल कच्चा निघालाय. तुमची नातवंडं तिथे खेळतात, म्हणून सांगायला आलो."

काका म्हणत होते, "अहो, काही झालेलं नाही! ट्रक धडकला तरी हलणार नाही ती."

"तरी पण. माझी जबाबदारी."

ज्या माणसानं आयुष्यभर बसला ओरखडा येऊ दिला नाही, तो दारोदार स्वतःच्या हाताची तक्रार सांगत फिरत होता. सूनबाई खिडकीतून मागे झाली. हातात कात्री होती, ती कापडावर ठेवली आणि तशीच उभी राहिली. त्या दिवशी शिवलेल्या पडद्याची उंची चुकली.

न्हाणीघराच्या फरशा आणायच्या होत्या. आप्पांना घराबाहेर काढावं, चार माणसांत न्यावं, म्हणून ती त्यांना दुकानात घेऊन गेली. वाटेत बोलायचं, असंही मनात होतं. वाटेत बोलली हवापाण्याचं.

दुकानदारानं दोन फरशा काउंटरवर ठेवल्या. "यातली कुठली?" तिनं विचारलं.

आप्पांनी दोन्हींवरून हात फिरवला. "सारख्याच तर आहेत."

"रंग, आप्पा. रंग कुठला घ्यायचा?"

"अगं, दोन्ही पिवळ्याच दिसतायत. वेगळ्या कशा?"

एक निळी होती आणि एक पांढरी.

सूनबाईला एकदम सगळं दिसलं. ओळंब्याच्या दोरीपुढे बारीक केलेले डोळे. भिंतीवरून फिरणारा हात. वर्तमानपत्र हल्ली नातीकडून वाचून घेणं, ते लाडानं नव्हतंच. शेजारच्यांना आवाज ऐकून ओळखणं. जिन्याच्या लाटा. एका घरात, एका घमेल्याच्या दोन बाजूंना उभं राहून तिनं भिंतीचं पोट बघितलं होतं आणि माणसाचे डोळे बघितले नव्हते. गवंडी हसत बोलला ते जवळजवळ खरं निघालं होतं, आणि ती पदर लावून हसली होती.

"आप्पा, तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतं की." ते दुकानदाराकडे बघून ओशाळं हसले. "जरा धुकं असतं. वय झालं."

फरशा तिथेच राहिल्या. ती त्यांना तशीच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी तपासलं आणि तिच्याकडेच जरा कडक नजरेनं पाहिलं. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजवा तर पार पिकलाय. इतके दिवस घरात कुणाच्या लक्षात नाही आलं?"

आप्पा म्हणाले, "मीच कुणाला कळू दिलं नाही हो. ड्रायव्हर माणूस. डोळा गेला म्हटलं की गाडी काढून घेतात." आणि मग हळूच, "घराचं कामही काढून घेतलं असतं यांनी."

परत येताना बस जवळजवळ रिकामी होती. आप्पा खिडकीशी बसले, ती शेजारी. ड्रायव्हरनं ब्रेक जोरात मारला तसे ते सवयीनं पुटपुटले, "सावकाश रे बाबा." सूनबाईला रडू फुटलं.

"अगं, ऑपरेशन साधं असतं म्हणाल्या त्या. रडतेस काय?"

"आप्पा, ओल नव्हती."

"कसली ओल?"

"भिंतीला. ओल नव्हतीच आली. पोपडे नाही पडले, तुकडा नाही पडला. भिंत वाकडी होती. मला आवडली नाही. तुम्ही गेल्यावर मी फोडून घेतली. आणि खोटं बोलले."

आप्पांनी तोंड तिच्याकडे वळवलं. तिचा चेहरा त्यांना धुक्यातच दिसत असणार.

"म्हणजे पडत नव्हती?"

"नाही. गवंड्याला फोडताना घाम फुटला. माल लोखंडासारखा आहे म्हणाला."

"स्वयंपाकघराची?"

"सगळ्या पक्क्या आहेत, आप्पा."

त्यांनी एवढा लांब श्वास सोडला की पुढच्या बाकावरच्या बाईनं मागे वळून पाहिलं. तिला वाटलं, संपलं, माफ केलं. पण पुढचे दोन स्टॉप ते समोरच्या बाकाची दांडी घट्ट धरून बसले. मग म्हणाले,

"रोज रात्री मला ती पोर विटांखाली दिसायची. समजलं? वाकडी म्हणाली असतीस तर मी चार शब्द सुनावले असते, दोन दिवस जेवलो नसतो, आणि परत केली असती. तू पडकी म्हणालीस. वाकडी आणि पडकी यात फरक असतो, सूनबाई."

"चुकलं माझं."

"हो. चुकलं."

बस थांबली. उतरताना तिनं हात पुढे केला. त्यांनी तो न धरता दांडी चाचपून धरली आणि एकटेच खाली उतरले.

ऑपरेशन झालं. नंतर डोळ्यांत थेंब टाकायचे होते, आणि ते काम तिनं कुणाला करू दिलं नाही. आप्पा खुर्चीत मान मागे टाकून बसायचे, ती पापणी ओढून थेंब सोडायची. तिचा श्वास त्यांच्या कपाळाला लागेल इतकी जवळ असायची, आणि तरी ते तिच्याशी बोलत नसत. नातीशी बोलत, मुलाशी बोलत, दूधवाल्याशीही बोलत. तिच्याशी 'हं' आणि 'झालं का'. ती ते मुकाट्यानं घेत होती. कुणीतरी आपल्याला रागावलंय याचंही तिला बरंच वाटत होतं. इतके दिवस एकटीच स्वतःवर रागावून दमली होती.

दोन्ही डोळे झाले, काळा चष्मा उतरला, आणि एका सकाळी आप्पा घर बघायला निघाले. खोल्याखोल्यांतून त्यांचा आवाज येऊ लागला.

"अरे, हा पंखा एवढा मळलाय? कुणी पुसत नाही का?"

"हा टॉवेल हिरवा आहे? मी इतके दिवस राखाडी समजत होतो."

मग जिन्यात गेले, आणि बराच वेळ काही आवाजच आला नाही. सूनबाई धावत गेली. आप्पा खालच्या पायरीवर उभे राहून वर बघत होते. त्यांची ती लाटालाटांची भिंत, सकाळच्या तिरप्या उजेडात.

"हे मी केलंय?"

ती पायरीवरची धूळ पायानं सारू लागली.

"बोल की. आता तोंडात काय मिठाची गुळणी धरलीस?"

"तुम्हीच केलंय, आप्पा."

"समोरचीही अशीच होती?"

"याहून वाईट."

आप्पांचे खांदे हलायला लागले. तिला वाटलं रडतायत. ते हसत होते. हसता हसता पायरीवर बसले. "समुद्र केलाय की गं मी घरात! आणि तू इतके दिवस इथून कपडे वाळत घालायला वर जातेस? बोट नाही लागली?" मग त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, नव्या डोळ्यांनी, आणि हसू हळूहळू ओसरलं. "तुझे केस किती पिकलेत," ते म्हणाले. "कधी पिकले?"

दुपारी मुलानं माळ्यावरून गोणपाटाचं गाठोडं काढून दिलं. जिन्याची भिंत आप्पांनी स्वतः फोडली. गवंड्याला घाम फुटला होता तसाच त्यांनाही फुटला, आणि त्यावर ते बेहद्द खूष झाले.

घर अजून पुरतं झालेलं नाही. वरच्या खोलीला दार नाही, गच्चीचा कठडा बाकी आहे. आप्पा पूर्वीपेक्षाही सावकाश काम करतात. सूनबाईशी बोलतात, टिंगल करतात, नातीच्या तक्रारी तिच्याकडे आणतात. फक्त समोरच्या खोलीत त्यांची खुर्ची आता त्या भिंतीसमोर नसते. पाठ तिकडे करून बसतात. मुद्दाम की सवयीनं, हे ती विचारत नाही.

आणि एक गोष्ट तिनं अजून सांगितलेली नाही. गवंडी जे बोलला ते, आणि ती जी हसली ते. भिंतीचं सगळं सांगून झालं, पण ते हसू तिच्याजवळच राहिलंय. परवा गच्चीच्या कठड्याचं काम चालू होतं. आप्पा परांचीवर उभे होते, ती खाली. तिनं मनाचा हिय्या करून हाक मारली, "आप्पा, एक सांगायचं होतं."

"सांग की."

"त्या दिवशी तो गवंडी..."

"मोठ्यानं बोल, ऐकू येत नाही. की आता कानांचंही ऑपरेशन करायचंय?" त्यांनी वाकून खाली पाहिलं. ऊन त्यांच्या नव्या चष्म्यावर चमकत होतं. "आणि आधी ते घमेलं दे इकडे. माल वाळतोय."

तिनं घमेलं उचलून दोन्ही हातांनी वर धरलं.